भीमेचे पोहणे समुद्रात चालत नाही

कारखान्याचा पट्टा पडला की आम्हा श्रीपूरकरांना चार दिवस उसंत मिळते. गेल्या हंगामानंतर आमची तीन कुटुंबे, लहानथोर धरून अकरा माणसे, भाड्याची गाडी करून दापोलीकडे निघालो. माता रमाईंचे माहेर वणंद पाहावे, हा मूळ बेत. तेथून समुद्र जवळच आहे असे कळले आणि मुलांनी हट्ट धरला. खरे सांगायचे तर आमच्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरला, दादरच्या चैत्यभूमीवर, लाखोंच्या गर्दीतून. मोकळा, शांत किनारा कोणीच पाहिला नव्हता.

भाकरी, शेंगाचटणी बांधून पहाटे निघालो. अकलूज, नातेपुते, फलटण, वाई करीत महाबळेश्वर गाठले. आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, खेड आणि मग दापोली. आमची काळी माती मागे राहिली, तांबडी माती आणि जांभ्याची घरे दिसू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी वणंदला वंदन करून दुपारी मुरूडच्या दक्षिणेला असलेल्या कर्दे गावच्या किनाऱ्यावर पोहोचलो. लांबच लांब मऊ वाळू, मागे माडाची झाडे, माणसे मोजकीच. आमच्या आत्याबाई पाण्यात पाय बुडवून नुसत्या पाहत राहिल्या.

आमच्यातला एक तरुण भीमेत पोहण्यात पटाईत. नदीचा हा काठ ते तो काठ सहज करणारा. त्याने पाणी शांत दिसणारी एक जागा हेरली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधल्या पट्ट्यात फुटत नव्हत्या. तेथे तो उतरला आणि बघता बघता आत जाऊ लागला. किनाऱ्याकडे सरळ हात मारी, पण अंतर वाढतच जाई. आमचा दुसरा मुलगा उडी घेणार, तोच जाळे विणत बसलेले एक कोळी काका धावत आले. त्यांनी त्याला दंडाला धरून थांबवले आणि ओरडले, "सरळ येऊ नको रे! आडवा जा, आडवा!" पोराने ऐकले. किनाऱ्याला समांतर थोडे पोहताच ओढ सुटली आणि लाटांनीच त्याला बाहेर आणले. आत्याबाईंनी त्याला पोटाशी धरले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग काकांनी वाळूत बसून आम्हाला समुद्र समजावला. नदीचे पाणी एका दिशेने जाते, विहिरीचे जागेवर राहते. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी अरुंद पट्ट्यातून जोराने परत जाते. तेथे लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. ही ओढ माणसाला खाली नेत नाही, आत नेते. तिच्याशी झुंजणारा दमतो आणि बुडतो. आडवे पोहावे, दम नसेल तर उताणे तरंगावे आणि हात वर करावा. वाचवायला उडी टाकू नये. दोर, रिकामा कॅन असे तरंगणारे काही फेकावे.

भरती-ओहोटीचा हिशेबही त्यांनी सांगितला. तिथीची पाऊणपट केली की कोकणात भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सुमारे सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास भरती, आणि तीही उधाणाची. त्या दिवशी पौर्णिमाच होती. आम्ही चार वाजता, ऐन ओहोटीत उतरलो होतो.

२०१६ च्या फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातील मुरूड-जंजिरा येथे पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळाही नव्हता. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, सहलीला जाल तेव्हा एवढे पाळा. आधी गावातल्या माणसाला विचारा. ओहोटीत आणि अंधारात पाण्यात जाऊ नका. पावसाळ्यात तर उतरूच नका. दारू प्यालेल्याला पाण्याजवळ फिरकू देऊ नका. पायाखालची वाळू सरकते, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नका. ओले लुगडे पायांत अडकते, हे बायाबापड्यांनी ध्यानात ठेवावे. गाडी वाळूवर नेऊ नका. प्रसंग ओढवलाच तर ११२ किंवा १०८ वर फोन करा. शांत किनाऱ्यावर मदतीला माणसे कमी असतात, म्हणून तेथे सावधपणा अधिक हवा.

निघताना आम्ही काकांना पैसे देऊ लागलो. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "तुमच्या गावात चार जणांना सांगा, म्हणजे झाले." ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिला. आमचा पोहणारा तरुण आता भीमेवर लहान पोरांना पोहायला शिकवतो. शेवटी समुद्राचा धडाही सांगतो. परत येईपर्यंत आम्ही अकराचे अकरा होतो, याहून मोठी कमाई त्या सहलीत दुसरी नव्हती.