नंदीच्या पायथ्याशी मुरते वाइन

बंगळूरच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर, नंदी हिल्सच्या पायथ्याशी दोड्डबल्लापूर आहे. कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये इथे वाइनसाठी द्राक्षमळे उभारले. आज ते ‘ग्रोव्हर झाम्पा’ म्हणून ओळखले जातात. इथली ‘ला रिझर्व’ ही लाल वाइन कॅबरने सोव्हिन्यों आणि शिराझ या द्राक्षांची. ती ओकच्या पिंपांत मुरते.

लोणचे मुरू द्यावे लागते, हे गृहिणींना सांगायला नको. अशा वाइनचेही तसेच. ताजी असताना ती जांभळट, तुरट. पुढे रंग विटकरी होतो, चव मवाळते. मात्र बाटली आडवी, अंधारात, गारव्यात हवी. उन्हाळ्यात माळ्यावर ती मुरत नाही, बिघडते. आणि फार थांबलात, तर फळाची चवही हरवते!