पुंगळी काढली, पुंगळी बसवली

पूर्वी सायलेन्सरची पुंगळी साफ करायला काढत. मग ती आवाज वाढवायला काढायची पद्धत पडली. आता पुण्याहून गोव्याला किंवा थेट लेहला निघायचं ठरलं, की तीच पोरं दुकानात जाऊन नवी पुंगळी विकत आणतात आणि स्वतःच्या हाताने बसवतात. गेल्या चाळीसेक वर्षांत मोटरसायकल किती बदलली आणि तिच्यावर बसणारे आपण किती बदललो, हे या हातभर नळीच्या जाण्या-येण्यावरून कळतं.

पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या आतली, अंगभर भोकं पाडलेली लोखंडी नळी. इंजिनातून सुटलेला जळका वायू तिच्यात घुसतो, भोकांतून इकडेतिकडे फिरतो, भिंतींवर आपटतो आणि जोर ओसरल्यावर बाहेर पडतो. हल्ली दुकानात ती बॅफल किंवा डीबी किलर या नावाने मिळते. तिच्यावर ग्लास वूलचा थर गुंडाळलेला असतो. आवाजातला कानात घुसणारा, वरच्या पट्टीतला भाग तो थर पिऊन टाकतो.

आमच्या लहानपणी पुंगळीची खरी ओळख करून दिली ती जावा-येझदीने. म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन, डावी-उजवीकडे एकेक. किक मारायचा दांडा तोच गिअरचा. ऑइल अर्धवट जळायचं आणि त्याचा काळा चिकट थर पुंगळीवर बसत जायचा. भोकं बुजायला लागली, की गाडी चढावर मान टाकायची. मग घरातले म्हणायचे, "मिस्त्रीकडे टाक, कार्बन झालाय."

मिस्त्रीचं ते काम बघत बसणं हा आमचा रविवार होता. सायलेन्सरच्या शेपटाकडचा बोल्ट सोडायचा, पकडीने पुंगळीचं तोंड धरून हिसका द्यायचा. ती एका दमात कधी यायची नाही. आली की जळक्या ऑइलचा वास गल्लीभर. मग ती भट्टीत किंवा स्टोव्हच्या जाळावर लाल होईपर्यंत तापवायची. गार झाल्यावर दगडावर आपटली, की कार्बनचे पापुद्रे गळून पडायचे. तारेच्या ब्रशने घासायची, उरलेली भोकं खिळ्याने एकेक मोकळी करायची. सायलेन्सरच फार तुंबला असेल, तर त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी भरून ठेवायचं. आणि मग सगळं होतं तसं बसवायचं. पुंगळी न घालता गाडी परत देणं म्हणजे कामचुकारपणा समजला जायचा. कारण टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचा संबंध नुसत्या आवाजाशी नसतो. आतून परत फिरणारी दाबाची लाट निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ती रचना बिघडली, की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. मिस्त्रीला लाटबिट माहीत नव्हती. "पुंगळी नाय तर दम नाय," एवढंच तो सांगायचा.

बुलेटची गोष्ट वेगळी. मूळ गाडी इंग्लंडातली. भारतीय लष्कराने 1950च्या दशकात ती पसंत केली आणि 1955मध्ये मद्रासच्या कंपनीशी भागीदारी होऊन ती इथे बनू लागली. पुढे मूळ इंग्लिश कंपनी बंद पडली, मद्रासची चालू राहिली. आमच्याकडे बुलेट असायची ती फौजदाराकडे, तालुक्याच्या डॉक्टरकडे, नाहीतर उसाच्या बागायतदाराकडे. गावात शिरण्याआधीच ती कुणाची हे ओट्यावर बसलेली माणसं सांगायची. डॉक्टरांची असेल, तर कुणाच्या घरी आजारपण आहे याची चर्चा सुरू व्हायची. फौजदाराची असेल, तर पत्त्यांचा डाव आटोपायचा.

तिला चालू करणं हे एक कसबच होतं. हँडलजवळचा डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबायचा, किक हळूहळू खाली न्यायची, टाकीपुढच्या अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा मध्यावर आला, की लिव्हर सोडून पूर्ण वजनाने किक. टायमिंग चुकलं, तर किक उलटी येऊन नडगी फोडायची. जमलं, की खालून तो ओळखीचा ठेका सुरू व्हायचा.

त्या ठेक्याचं गणित सोपं आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडते. जुन्या साडेतीनशेच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. लांब धाव आणि जड फ्लायव्हील. त्यामुळे हे इंजिन मिनिटाला सहाशे फेऱ्यांपर्यंतही खाली येऊन बंद न पडता उभं राहायचं. सहाशे फेऱ्या म्हणजे तीनशे ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. पाच ठोके कानाला सुटे ऐकू येतात, मोजताही येतात. बुलेटची सगळी ऐट या सुट्या ठोक्यांत होती.

आज जुन्या बुलेटचं नाव काढलं, की लोक तिच्या दणदणाटाच्या गोष्टी सांगतात. स्मरणरंजनात सगळ्याच आकृत्या थोड्या मोठ्या होतात, तसाच हा आवाजही झाला आहे. कंपनीतून आलेल्या त्या लांबलचक सायलेन्सरचा आवाज मुळात दबका होता, खर्जातला. लांबून ऐकू यायचा, कारण रस्ते रिकामे होते. दहा मिनिटांत एखादी एसटी जायची. बाकी वारा आणि बैलगाडी. आणि आणखी एक गोष्ट आठवणीतून गळते. बुलेटखालचं ऑइलचं डबकं. ती जिथे उभी राहायची, तिथे खूण सोडून जायची. पॉइंट घासलेले, केबल तुटलेली, चिमणीइतका हेडलाइट. ते सगळं विसरून आपण फक्त आवाज जपून ठेवला.

1994मध्ये कंपनी आयशर गटाकडे गेली. पुढे गिअर उजवीकडून डावीकडे आला, बटणाने गाडी चालू होऊ लागली. 2009च्या सुमाराला जुनं ओतीव लोखंडाचं इंजिन जाऊन नवं एकसंध इंजिन आलं. 2020मध्ये बीएस-6चे नियम लागू झाले. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर बसला. त्यानंतरच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्टही आला, म्हणून हाताला मुंग्या येणं कमी झालं. डबकं गेलं, नडगी वाचली. ही गाडी जुनीपेक्षा सगळ्या बाबतीत चांगली आहे, हे मान्य करायला हवं.

पण ती उभी राहते मिनिटाला हजाराच्या आसपास फेऱ्यांवर. म्हणजे सेकंदाला आठ-नऊ ठोके. ठेका दुडकीचा झाला. आजोबांच्या बुलेटच्या गोष्टी ऐकून शोरूममध्ये गेलेल्या पोराला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. काय राहिलं हे त्याला सांगता आलं नाही. दुकानदाराने सांगितलं, "आवाज कमी आहे, वाढवून देतो." इथे गफलत झाली. हरवला होता ठेक्याचा संथपणा. विकत मिळाली ती नुसती पट्टी.

मग दिल्लीच्या करोल बागेपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत सायलेन्सरच्या माळा लागल्या. इंदोरी, पंजाबी, गोल्डस्टार, मेगाफोन, शॉर्ट बॉटल. प्रत्येकाचा घसा निराळा, पण आत बहुतेकांच्या फारसं काही नाही. त्यावर कडी म्हणून फटाके फोडणं आलं. चालत्या गाडीचं इग्निशन बंद करून पुन्हा चालू करायचं. मधल्या क्षणी न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जातं आणि तिथेच पेटतं. मजा क्षणाची. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू कामातून जातो, आणि रस्त्याकडेला नातवाला घेऊन चाललेल्या आजीच्या छातीत धस्स होतं ते वेगळंच.

ही हौस शहरात चालते, कारण सिग्नल ते सिग्नल अंतर थोडं. लांब निघालं की कळतं. माझ्या भाच्याने मोठ्या कौतुकाने मोकळा सायलेन्सर बसवला होता. कात्रजच्या आणि खंबाटकीच्या बोगद्यात मुठी पिळून तो ऐकवूनही झाला. मग मित्रांबरोबर आंबोलीमार्गे गोव्याला जाऊन आला, आणि आल्यावर दोन दिवस त्याला कानात घूं ऐकू येत होतं. महामार्गावर इंजिन तीन हजार फेऱ्यांवर असतं. म्हणजे सेकंदाला पंचवीस ठोके. तिथे ठेकाबिका काही उरत नाही, एकसुरी घरघर उरते आणि ती तासन्‌तास डोक्यात बसते. वर हेल्मेटमध्ये घुसणारा वारा. डेसिबलचं मोजमापही फसवं आहे. दहा डेसिबल वाढले, की आवाजाची ऊर्जा दसपट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. कारखान्यात आठ तास काम करणाऱ्यासाठी 85 डेसिबल ही सावधगिरीची मर्यादा मानतात. मोकळ्या सायलेन्सरवर दिवसभर बसणारा ती हसतखेळत ओलांडतो.

तर पुढच्या सहलीआधी भाच्याने पुंगळी आणली. पार्किंगमध्ये जुनी सतरंजी पसरून बसला. गाडी रात्रभर गार ठेवलेली. आधी सायलेन्सरच्या तोंडाशी आतून बसलेली काजळी त्याने पॉलिश पेपरने काढली. मग व्हर्नियरने आतला व्यास मोजला. मिस्त्रीच्या दुकानात हे हत्यार मी कधी पाहिलं नव्हतं. पुंगळीवर ग्लास वूलच्या लोकरीचा थर चढवून वर बारीक स्टीलची तार गुंडाळली.

"मामा, ढिली बसतेय. वाजेल का?"

"वाजणारच. लोकरीचा एक वेढा वाढव."

दुसऱ्यांदा ती घट्ट झाली. सरळ ढकलली तर लोकर गोळा होऊन मागे येत होती, म्हणून तार ज्या बाजूने गुंडाळली त्याच बाजूने पिळत पिळत आत नेली. नळीचं भोक आणि सायलेन्सरचं भोक समोरासमोर आणायला बॅटरी धरावी लागली. बोल्टच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं, नाहीतर उष्णतेने तो तिथेच जाम होतो आणि पुढच्या वेळी कापावा लागतो. स्प्रिंग वॉशर घालून आवळला. गाडी चालू केली तेव्हा थोडा पांढरा धूर आला, तो लोकरीतला चिकटपणा जळल्याचा. तासाभराने इंजिन गार झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासला. एक फेरा सैल निघाला. तापून पसरलेलं लोखंड बोल्टला जागा करून देतं. हे दुसऱ्यांदा आवळणं चुकवलेल्यांच्या पुंगळ्या घाटात गळून पडतात.

फरक लगेच ऐकू आला. वरचा कर्कश भाग गेला, खालचे ठोके सुटे झाले. "मामा, आवाज कमी झाला पण जास्त चांगला वाटतोय," भाचा म्हणाला. येझदीच्या मिस्त्रीला हे नवं वाटलं नसतं. तो इंजिनाची तब्येत आवाजावरून सांगायचा. टॅपेट वाजतोय, चेन सैल आहे, पेट्रोल जास्त जातंय, सगळं कानाने. मोकळ्या सायलेन्सरच्या गोंगाटात यातलं काहीच ऐकू येत नाही. गाडी आपल्याशी जे बोलते, ते ऐकायला तिचा आरडाओरडा आधी थांबवावा लागतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. पुंगळी बसवली म्हणजे कायद्यात बसलो, असं होत नाही. 175 सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडताना 80 डेसिबलची मर्यादा आहे, आणि कंपनीचा सायलेन्सर त्या कसोटीला उतरून आलेला असतो. बाहेरून आणलेला नळा पुंगळीसकटही त्यात बसेलच याची खात्री नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली ध्वनिप्रदूषणाला पहिल्याच गुन्ह्यात दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पूर्वी ट्रॅफिक हवालदार सायलेन्सरकडे ढुंकून बघत नसे. आता पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांच्यावरून रोड रोलर फिरवतात. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात. हा देखावा असला, तरी रस्त्याकडेच्या घरात राहणाऱ्याला त्याचं बरं वाटतं, आणि त्याचं काही चुकत नाही.

जुनं ते सोनं, असं मी म्हणणार नाही. जुन्या गाडीचं ऑइल गळायचं आणि तिने आमच्या नडग्या सोलल्या. पण तेव्हाची एक समज मात्र आजच्यापेक्षा सरस होती. सायलेन्सर हा आवाज दाबण्यासाठी असतो, हे मिस्त्रीला आणि मालकाला दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून लांब निघणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं, की पुंगळी बसवा, दोनदा आवळा, पहिल्या मुक्कामाला हात लावून बघा. आणि कंपनीचा मूळ सायलेन्सर घरात माळ्यावर पडला असेल, तर या भानगडीत न पडता सरळ तोच उतरवून बसवा. त्याच्याइतका चांगला सायलेन्सर बाजारात नाही.