थ्री-डी इको कोणासाठी?

चारठाण्यातील माझ्या दवाखान्यात वडीलधाऱ्यांचा ‘टू-डी इको’चा अहवाल घेऊन येणाऱ्या मुला-सुनांची नजर बहुधा एकाच आकड्यावर खिळलेली असते. ‘इजेक्शन फ्रॅक्शन 60 टक्के’ म्हणजे हृदय 40 टक्के निकामी, असे ते धरून चालतात. तसे मुळीच नव्हे. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, त्याचे हे प्रमाण आहे. शंभर टक्के कोणाचेच नसते. 60 हा आकडा नेहमीच्या मर्यादेतला आहे. हे समजावून होते न होते तोच कोणाला ‘थ्री-डी इको’ सुचवलेला असतो आणि घरात नवी धास्ती शिरते.

स्वीडनमधील लुंड येथे 1953 साली एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतील दोष शोधण्याच्या यंत्राने हृदयाची हालचाल टिपली, तिथून या तपासणीचा आरंभ झाला. टू-डी इकोत हृदयाचा एकेक सपाट छेद दिसतो. बाकीचा आकार तपासणाऱ्याने मनाने जुळवायचा. त्यात कधी फसगत होते. डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेची कडा घोड्याच्या खोगिरासारखी असते. खोगीर पुढून पाहिले तर दोन्ही बाजू खाली उतरलेल्या दिसतात, बाजूने पाहिले तर टोके वर उचललेली. एकाच छेदावर विसंबल्यामुळे पूर्वी अनेक निरोगी माणसांच्या झडपेवर ‘ती मागे फुगते’ असा ठपका बसला. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लेव्हिन व सहकाऱ्यांनी त्रिमितीय मांडणीतून हा घोळ उलगडला. एका चित्रामुळे निरोगी माणूस रुग्ण ठरावा, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आता थ्री-डीत झडप जणू हृदयाच्या आत उभे राहून पाहिल्यासारखी दिसते. गळणाऱ्या झडपेचा नेमका कोणता भाग बिघडला, आकसलेल्या झडपेचे तोंड किती उरले, फुग्याने ती रुंदावता येईल का, हे ठरवताना तिचे मोल मोठे. मात्र दम लागणाऱ्या प्रत्येक आजोबांना तिची गरज नसते. बहुतेकांचे निदान साध्या टू-डीवर होते. शिवाय ठोके अनियमित असतील, श्वास रोखता येत नसेल किंवा फुप्फुसे जुन्या दम्याने फुगलेली असतील, तर थ्री-डीचे चित्रही फाटके येते. म्हणून सुचवणाऱ्या डॉक्टरांना विचारा, ‘या तपासणीने उपचारात काय बदलेल?’

कधी हीच तपासणी अन्ननलिकेतून नळी घालून करतात. त्यासाठी सांगितले तेवढा वेळ उपाशी राहावे लागते. गिळताना घास अडकत असेल, पूर्वी रक्ताची उलटी झाली असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगा. ती गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि कवळी काढून सोबतच्या माणसाच्या हाती द्या.