मोसंबीच्या कोळशावरचा पिझ्झा

पिझ्झा हे नाव वाचून काही घरांत नाके मुरडली जातील आणि काही घरांत पोरे टाळ्या पिटतील. दोघांनाही माझे सांगणे, पान उलटण्याआधी जरा थांबा. शहरातली मिजास मी तुमच्या गळ्यात मारीत नाही. विस्तवावर भाकरी नि रोडगे भाजत आलेल्या बाईला हा प्रकार नवा नाही, नाव तेवढे परके आहे.

रोडग्याचेच पाहा ना. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा दाखवतो, तो आपण कसा भाजतो? जाडसर कणीक घट्ट मळायची, तुपाचा हात लावून पदर करायचे, गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवायचा आणि वरून फुफाटा ओढायचा. म्हणजे खालून आच, वरूनही आच. इटलीत नेपल्स गावचे लोक पिझ्झा भाजतात तो याच न्यायाने. त्यांची भट्टी घुमटाची असते. लाकडे एका कडेला जळतात, घुमट तापतो आणि वरून धग खाली फेकतो. भट्टीचा पारा ४८५ अंशांपर्यंत जातो, म्हणून त्यांचा पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत निघतो. मूळचे ते तिथल्या गरीब, कष्टकरी लोकांचे खाणे. १८८९ साली एका राणीसाठी टोमॅटो, चीज आणि हिरवा पाला घालून तो केला, म्हणून त्याला तिचे मार्गारिटा हे नाव पडले, असे सांगतात. २०१७ साली युनेस्कोने नेपल्सच्या त्या कारागिरीची नोंद मानवतेच्या वारशात घेतली. आपल्या रोडग्याला कोणी विचारले नाही, ते असो.

आता शेगडीकडे येऊ. जुन्या बायांना आठवत असेल, घरात वीज नव्हती तेव्हाही केक होत असे. पातेल्यात वाळू तापवायची, आत डबा ठेवायचा, झाकणावर निखारे. नानकटाईसाठी तूप, साखर नि पीठ घेऊन तालुक्याच्या गावच्या बेकरीवर जायचे आणि पत्रे भाजून आणायचे. माझ्या डोक्यात तेच होते. घरच्या लोखंडी कोळशाच्या शेगडीवर बसेल असा एक बिनबुडाचा पेटीसारखा डबा मी पत्र्याचे काम करणाऱ्याकडून करून घेतला. पुढे कडीचे दार, आत दोन आडव्या सळ्या, त्यांवर मातीचे खापर, आणि वरच्या पत्र्याला चारी बाजूंनी बोटभर काठ, म्हणजे त्यावर निखारे ठेवता येतात. मागे रुपयाएवढी दोन भोके, धूर जायला. सळ्यांची आपल्या जालन्याला काय कमी! पण पत्रा घेताना ध्यानात ठेवा, काळा पत्राच घ्यायचा. चकचकीत, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा अशा आचेला घातक असतो, त्यातून निघणारी वाफ छातीत जाते. शिवाय हे सारे अंगणात करायचे. बंद खोलीत पेटलेल्या कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. हिवाळ्यात शेगडी आत घेऊन दार लावणाऱ्यांनी हे पुन्हा एकदा वाचावे.

कोळसा कोणता? बाभळीचा उत्तम. आमच्याकडे मात्र मोसंबीचा असतो, आणि त्याची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

जालना जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी, १९८१ साली, मी या घरात सून म्हणून आले. मामंजींनी विहिरीच्या पाण्यावर दोन एकर मोसंबी लावली होती. पुढे चाळीसेक वर्षांत कलमे बदलली, बाग तीच राहिली. घरातली लग्ने, दवाखाना, पोरांची शिक्षणे, सारे आंबे आणि मृग बहारावर निघाले. मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. त्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्याची मोसंबी होरपळली हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्यांना जमले त्यांनी टँकरने पाणी विकत आणून बागा जगवल्या. आम्हीही वैशाखापर्यंत ओतले. मग घरधन्यांनी हात टेकले. आमची अर्धी बाग उभी वाळली. तोडायला माणूस लावला तेव्हा हे दिवसभर बागेकडे फिरकले नाहीत, गोठ्यात बसून राहिले. खोडे गोठ्यामागे रचली. मोसंबीचे लाकूड जड आणि चिवट, विस्तव धरून ठेवणारे. कितीतरी वर्षे आमची चूल त्यावर पेटली. २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रातली बातमी मी त्याच चुलीपुढे वाचली.

आता कोळसा पाडते तो दरवर्षी बागेची सल काढतो त्याचा. वाळक्या फांद्या खड्ड्यात पेटवायच्या, ज्वाळा बसली की पत्रा टाकून मातीने दाबायचे, दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर उकरायचे. कोळसा हातात घेऊन आपटला की खणकन वाजला पाहिजे. धुपणारा कोळसा वेगळा काढा, तो भरतासाठी ठेवा.

आता पीठ. इथे बऱ्याच जणी विचारतात की ज्वारीचा पिझ्झा का नको. बायांनो, ज्वारीच्या पिठात ओढ नसते, म्हणून तर आपण भाकरी लाटत नाही, थापतो. गव्हात ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ असतो. मळताना त्याची जाळी होते आणि खमिराची हवा त्या जाळीत अडकते, म्हणून गोळा फुगतो. नुसत्या कणकेत कोंड्यामुळे जाळी तुटते. मी अर्धा मैदा आणि अर्धे लोकवनचे बारीक चाळलेले पीठ घेते. (लोकवन हे नाव वनावरून आले नाही बरे. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने काढलेले ते लोक-१ वाण, ‘लोक-वन’चे आपण लोकवन केले.) अर्धा किलो पिठाला दहा ग्रॅम मीठ, चहाचा चमचाभर कोरडे खमीर, चमचाभर तेल आणि सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी. पोळीच्या कणकेहून सैल हवे. दहा मिनिटे चांगले रगडा. आपल्याकडे वैशाखात तासाभरात गोळा दुप्पट होतो, तेव्हा पाणी माठातले घ्या. पौषात तीन तासही लागतात, मग चुलीच्या उबेला ठेवा.

वर लावायला घरचे टोमॅटो लसूण नि मीठ घालून आटवायचे, पाणी राहू द्यायचे नाही, नाहीतर पोळी भिजून बसते. कांदा, ढोबळी मिरची, कणसाचे दाणे. भोकरदनकडे पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीचे ढीग लागतात, त्या भागातली माणसे घरी असतील तर टोमॅटोखाली ठेच्याचे बोट फिरवावे. चीज मात्र विकत आणावे लागते. दुधाचे घर असून हा खर्च का, असे मलाही वाटते. पण घरचे पनीर आचेवर वितळत नाही, नुसते वाळते. मोझरेला गरम पाण्यात ताणून केलेला असतो, म्हणून तो वितळून तार धरतो. आणि गंमत पाहा, इटलीत तो मुळात म्हशीच्या दुधाचाच.

खापर आधी अर्धा तास मंद तापवा, एकदम धग दिली तर तडकते. त्यावर चिमूटभर कोरडे पीठ टाकून पाहावे. दहा अंकांपर्यंत मोजताना तांबूस झाले तर आच बरोबर. लगेच काळे पडले तर खालचे निखारे थोडे ओढून घ्या. पोळी हाताने पसरा, लाटण्याने हवा निघून जाते. कडा जाड ठेवा. सुपावर कोरडे पीठ भुरभुरून त्यावरून खापरावर सरकवा, दार लावा, वरच्या पत्र्यावर फुललेले निखारे. सहा ते आठ मिनिटे. दार सारखे उघडून पाहू नये, वरची धग जाते.

पैशाचे बोलायचे तर, चार माणसे शहरात पिझ्झा खाऊन उठली की जे बिल होते, त्यात टोमॅटोचे काही कॅरेट येतात, तेही भाव बरा असताना. भाव पडतो तेव्हा तर कॅरेट बाजारात नेण्याचे भाडेही सुटत नाही. आमच्या थोरल्याला हा हिशोब पाठ आहे. तो पुण्याजवळ कारखान्यात नोकरी करतो आणि दर दिवाळीला उरलेली बाग विकण्याचा विषय काढतो. त्याचे चुकते असे मी म्हणत नाही. दुष्काळात वडिलांना बागेपुढे बसलेले त्याने पाहिले आहे. आपल्याच जिल्ह्यात कडवंचीसारख्या गावाने पाणी अडवून, शेततळी काढून द्राक्षबागा राखल्या, हे घरधनी त्याला सांगतात. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, तळे काढायला पैसा लागतो.

मे महिन्यात तो बायकामुलांसह आला होता. सूनबाईने पीठ मळले, मी शेगडी सांभाळली. नात दहा वर्षांची. एक तुकडा तोंडात घालून तिने विचारले, “आजी, हा धुराचा गोड वास कसला?” मी म्हटले, तुझ्या पणजोबांच्या बागेचा. ती लगेच बापाकडे वळून म्हणाली, “मग आपण ती विकली की कोळसा कुठून आणायचा?” थोरला काही बोलला नाही. जेवण झाल्यावर मात्र तो यांच्यासोबत बॅटरी घेऊन बागेकडे गेला, आणि दोघे बऱ्याच वेळाने परत आले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. पावसाळ्यात त्याने फोन करून वडिलांना विचारले, रंगपूर लिंबाच्या खुंटावरची न्यूसेलरची कलमे यंदा केवढ्याला आहेत. त्यापुढे अजून विषय गेलेला नाही.

एक सांगायचे राहिले. पिझ्झे संपले तरी शेगडीतला विस्तव तास-दोन तास टिकतो. त्याला पाण्याने विझवू नका. वांग्याला तेलाचा हात लावून, दोन टोचे मारून निखाऱ्यात ठेवा, शेजारी लसणाचा गड्डा. सकाळच्या भाकरीची सोय होते.