मामाला चावलेला साप

मांत्रिकांवर वाद निघाला की माझा हुकमी पत्ता ठरलेला असे. "माझ्या मामाला साप चावला, भगताने उतरवला. डोळ्यांनी पाहिलंय!" मी विज्ञानाचा पदवीधर, त्यामुळे समोरचा लगेच गप्प व्हायचा.

पाहिलं होतं ते एवढंच: पायावर दोन ओरखडे, वर बांधलेला पाला आणि सकाळी ओसरीवर चहा पिणारा मामा. साप कोणाच्याच नजरेस पडला नव्हता. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण किंवा दिवड चावली तर भगत असो वा नसो, माणूस कामाला लागतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे घातक खरे, पण त्यांचाही एखादा दंश कोरडा जातो. हे सगळं मला माहीत होतं. मामाच्या गोष्टीला मात्र ते कधी लावून पाहिलं नाही.

एका पावसाळ्यात शेजारच्यांचा गडी पहाटे पोट धरून आला. पापण्या उघडत नव्हत्या. रात्री जमिनीवर झोपला होता. मण्यारीचा दंश असाच असतो. दुखत नाही, सुजत नाही, खूणही धड दिसत नाही. त्याच्या भावाने विचारलं, "काय करू, भाऊ?" मी म्हणालो, "आधी भगताकडे न्या, मग बघू."

दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला श्वास घेता येईना. व्हेंटिलेटर लावला, प्रतिविष दिलं, वाचला. गावात श्रेय भगताला गेलं. डोळ्यांनी पाहिलंय म्हणणारेही निघाले, आणि त्यांना खोडून काढायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

म्हणून अनुभव कुचकामी, असं मी म्हणणार नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशावरचं काम अनुभवातूनच उभं राहिलं. पण ते रुग्णामागून रुग्ण नोंदवत गेले, दगावलेलेसुद्धा. प्राझोसिन हे औषध दिल्यावर मृत्यू घटतात का हे तपासलं आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, म्हणजे इतरांनाही पडताळता यावं. पुढे प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतात, हेही त्यांनीच तुलना करून दाखवलं. माझ्या वहीत रुग्ण एकच, तोही वाचलेला. भगताकडे जाऊन मेलेल्यांच्या गोष्टी पारावर कोणी सांगत नाही.

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. 108 ला फोन करा. सरकारी रुग्णालयात प्रतिविष मोफत मिळतं.