बाकीच्या नसा

१९८० च्या दशकात आमच्या यवतमाळात कुणाच्या छातीत कळ आली की पहिला तास 'गॅस झाला असेल' म्हणण्यातच जायचा. ओवा चावून व्हायचा, सोडा-लिंबू व्हायचं, शेजारच्या काकू पाठीला तेल चोळून जायच्या. घामानं बनियन निथळायला लागलं की मग रिक्षा आणि दवाखाना. डॉक्टरसाहेब ईसीजीची लांबलचक पट्टी बोटांत धरून वाचत, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत आणि घरच्यांना बाजूला घेऊन सांगत, "बहात्तर तास काढू द्या." तोवर दारव्हा, घाटंजी, नेरचे सोयरे एसटीनं येऊन पोचलेले असत. आवारात सतरंज्या पडत, डबे सुटत. एखाद्या लग्नाची बोलणीही तिथंच उरकून जात.

माणूस वाचला तर महिना-दीड महिना सक्तीची विश्रांती. जिना चढायचा नाही, वावरात जायचं नाही, कुणावर ओरडायचं नाही. आमच्याकडच्या कर्त्या पुरुषांना शेवटची अट सर्वांत जड जायची.

हृदयाच्या किती नसा बंद आहेत, हे कुणी विचारत नसे, कारण नसा कुणाला दिसतच नव्हत्या. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिचला १९७७ च्या सप्टेंबरात फुग्यानं पहिली नस उघडली, ही आमच्यासाठी वर्तमानपत्रातली गोष्ट. खरं नवल वाटलं ते गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजचं. १५ लाख युनिटचं ते औषध तासाभरात थेंब थेंब शिरेतून जायचं आणि घरचे लोक त्या बाटलीकडे टक लावून बसायचे. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत ते औषध आणि ॲस्पिरिनची साधी गोळी मिळून पाच आठवड्यांतले मृत्यू शंभरात तेरावरून आठावर आले होते. गुठळी विरघळली की कळ थांबे, माणूस चहा मागे, सगळे सुटकेचा श्वास सोडत. पण ती नस मुळात किती अरुंद झाली आहे आणि शेजारच्या दोघींची काय अवस्था आहे, हे अंधारातच राही.

ते बघायचं तर नागपूर. दीडशे किलोमीटर, भाड्याची अँबॅसिडर, मागच्या सीटवर आडवा केलेला पेशंट. आमची लाडकी शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरकडे जायची, आणि तीही घाई नसलेल्यांसाठी. (वर्ध्याची रेल्वे कळंबपर्यंत यायला २०२४ उजाडलं.) नागपूरच्या धंतोलीत अँजिओग्राफी व्हायची ती जांघेतून. नंतर मांडीच्या सांध्यावर वाळूची पिशवी ठेवत आणि पाय सरळ ठेवून तासन् तास उताणं पडायचं. पेशंटला दुखणं आठवायचं नाही, ती पिशवी आठवायची. तीन नसा बंद निघाल्या की बायपास, आणि बायपास म्हटलं की एखादं वावर विकायला निघे. कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदीत घातलेला, त्याचे पैसे हप्त्यांनी येणार; नस काही हप्त्यांवर थांबत नाही.

आता मनगटातून नळी जाते, वर एक प्लास्टिकचा पट्टा, आणि माणूस काही वेळात उठून बसतो. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं किमतीला लगाम घातला, तेव्हा लाखाच्या वर विकला जाणारा औषधी स्टेंट, म्हणजे नसेत बसवायची जाळी, २९,६०० रुपयांवर आला. त्याआधी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली होती. २०१२ च्या जुलैत पहिल्या आठ जिल्ह्यांत शेजारचे अमरावती आणि नांदेड होते. आम्हाला पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरापर्यंत थांबावं लागलं. याची आम्हाला सवय आहे. १०८ ची ॲम्ब्युलन्स २०१४ पासून धावते. यवतमाळ-कळंबचा पेशंट सावंगी किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात जातो, उमरखेड-पुसदचा नांदेडला, वणीचा चंद्रपूर नाहीतर नागपूरला.

पण सगळ्यांत मोठा बदल कुठल्या यंत्रात नाही, डॉक्टरांच्या विचारात झाला. अटॅकच्या वेळी ज्या नसेत गुठळी आहे तेवढीच उघडायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही, हा कित्येक वर्षांचा दंडक होता. त्यात तथ्य होतं. रक्त गोठण्याच्या तयारीत असतं, नसा दिसाव्यात म्हणून सोडलेल्या जास्तीच्या डायचा भार मूत्रपिंडांवर पडतो, चालू नस छेडताना बंद पडली तर घात. अमेरिकेतल्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही तसंच लिहिलं होतं. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ४६५ पेशंटांच्या प्रामी चाचणीनं उलटं चित्र दाखवलं. २०१९ मध्ये कम्प्लीट नावाच्या चाचणीनं ४,०४१ पेशंटांवर ते पक्कं केलं: बाकीच्या नसाही उघडल्या तर सुमारे तीन वर्षांत हृदयविकारानं मृत्यू किंवा नवा अटॅक १०.५ टक्क्यांवरून ७.८ टक्क्यांवर येतो. मात्र बीपी कोसळून शॉकमध्ये गेलेल्या पेशंटाची आधी एकच नस उघडायची, हे २०१७ च्या दुसऱ्या चाचणीनं सांगून ठेवलंय. शिवाय हिशेब ७० टक्के किंवा त्याहून जास्त ब्लॉकचा. त्याहून थोड्या कमी ब्लॉकला नसेतला दाब मोजून पाहतात. चाळीस टक्क्यांना घाबरून जाळी मागणारेही मी पाहिलेत, त्यांना गोळ्या आणि चालणं पुरतं. मधुमेह असून तिन्ही नसा खराब असतील तर आजही बायपासचा विचार आधी होतो.

कम्प्लीटमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की दुसरी खेप त्याच भरतीत करा की सुट्टी देऊन दीड महिन्याच्या आत, फायदा दोन्हीकडे दिसला. म्हणजे माणसाला घरी जाऊन यायला सवड आहे.

पण ती सवडच आमच्याकडे घात करते. पूर्वी उरलेल्या नसा दिसत नव्हत्या म्हणून राहायच्या. आता त्या सीडीत दिसतात, फाईलवर टक्के लिहिलेले असतात, तारीख दिलेली असते, आणि तरी राहतात. पहिल्या जाळीनंतर कळ गेलेली असते. मे महिन्यात अटॅक आला तर पंचेचाळीस दिवसांत मृग लागतो, बियाण्याची धावपळ सुरू होते.

गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका काकांशी माझा यावरून वाद झाला. फाईल पिशवीत, पिशवी खुंटीला. सीडी बघायला घरात यंत्र नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा, "आता काही दुखत नाही ना राजा." मी म्हटलं, "काका, दुखलं तेव्हा पुन्हा अटॅकच असेल." ते म्हणाले, पराटी लागू दे, मग पाहू.

काकूंनी मध्ये न बोलता पिशवी खाली काढली आणि जावयाला फोन लावून विचारलं, सावंगीला सोमवारी किती वाजता पोचायचं असतं.