घारापुरीची लाईट

बदलापूरहून सकाळची फास्ट पकडली, की अंबरनाथवाल्यांना आत शिरायला जागा उरत नाही आणि उल्हासनगरला कुणाला उतरायचं असेल तर त्याची धडगत नसते. १९२९-३०च्या सुमारास या मार्गावर विजेची गाडी आली. तिच्यासाठी रेल्वेने कल्याणजवळ चोळे इथे स्वतःचं वीजघर उभारलं होतं. त्याआधीच, १९१५पासून, खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्या चालवत होती. गिरण्या आणि रेल्वे हीच तेव्हाची मोठी गिऱ्हाइकं.

तसं मोठं गिऱ्हाईक नसलेलं घारापुरी बेट मात्र मुंबईच्या गेटवेहून लाँचने तासाभरावरच. वाटेत डाव्या हाताला ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राची धुराडी दिसत राहतात. ती बघत बघत बेटावर उतरलो. लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तिन्ही गावांत महावितरणची वीज यायला फेब्रुवारी २०१८ उजाडला. तोवर संध्याकाळचे तीनेक तास जनरेटर, नंतर अंधार.

पायऱ्यांवरच्या एका टपरीत फ्रीज घुरघुरत होता. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं, वर मोबाईल चार्जिंगला लावलेला.

“मावशी, लाईट नव्हती तेव्हा थंड कसं विकायचात?”

“बर्फ आणायचो लाँचमधनं. निम्मा वाटेतच पाणी व्हायचा. आता बिल येतं, पण येऊ दे!”

समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकायला सुमारे २५ कोटी रुपये लागले. बेटावर वस्ती जेमतेम हजार-बाराशेची. एवढ्या बिलांतून हा खर्च कधी वसूल होणार, हा हिशेब कुणीही मांडू शकतो, आणि स्वातंत्र्यानंतरची सत्तर वर्षं तोच आडवा आला. लोकार्पणाला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आले, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये बेटाचा उल्लेख केला. कौतुक रास्तच होतं. पण समुद्राखालून केबल टाकण्याचं तंत्र जगाला दीडशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. अडलं होतं ते तंत्रापाशी नव्हे, मतदारसंख्येपाशी.

आमच्या बदलापूरला तासभर लाईट गेली तरी आम्ही महावितरणच्या नावाने शंख करतो. वीज मिळणं हा आमचा हक्क आहेच. मात्र हजार माणसांच्या गावालाही तो तितकाच आहे, आणि त्यासाठी होणारा खर्च आपल्या बिलात थोडा वाटला गेला, तर कुरकुर करू नये.